पडद्याआधीची नदी

नद्या, जंगले आणि पर्यावरणरक्षण या विषयांवरील लघुपट गावातील किंवा वस्तीतील लोकांनी एकत्र बसून पाहण्याच्या ज्या चित्रपटरात्री गेल्या काही दशकांत ठिकठिकाणी रूढ झाल्या, त्यांच्याकडे बहुधा चित्रपट महोत्सवाचा एक धाकटा, हौशी प्रकार म्हणून पाहिले जाते. हे आकलन अपुरे आहे. एरवीच्या महोत्सवात प्रेक्षक चित्रपटासाठी जमतो. अशा रात्री मात्र तो, निदान तत्त्वतः, एखाद्या विशिष्ट नदीसाठी जमलेला असतो आणि चित्रपट हे केवळ त्याचे निमित्त असते. या फरकाचा विचार येथे थोड्या विस्ताराने करणे अप्रस्तुत ठरू नये.

या प्रकारच्या उपक्रमांत आज सर्वांत परिचित असलेला ‘वाइल्ड अँड सीनिक’ महोत्सव अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या नेवाडा सिटी या छोट्या गावी 2003 मध्ये सुरू झाला. सिएरा नेवाडा पर्वताच्या पश्चिम उतारावरील हे गाव सोन्याच्या शोधात वसले आणि त्याच शोधाने तेथील युबा नदीची दुर्दशा केली. 1853 पासून या भागात ‘हायड्रॉलिक मायनिंग’, म्हणजे प्रचंड दाबाने पाण्याचे झोत सोडून डोंगरच्या डोंगर विरघळवायचे आणि वाहून आलेल्या गाळातून सोने वेगळे करायचे, ही पद्धत अवलंबली गेली. परिणामी खाली सपाटीवर नदीचे पात्र गाळाने भरून आले, पुराचे पाणी शेतांत आणि वस्त्यांत शिरू लागले, आणि सोने पकडून ठेवण्यासाठी वापरलेला पारा गाळात मिसळून तेथेच राहिला. खालच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांच्या बाजूने न्यायाधीश लॉरेन्झो सॉयर यांनी 1884 मध्ये निकाल दिला आणि नदीत गाळ सोडण्यास मनाई केली. अमेरिकेतील पर्यावरणविषयक आरंभीच्या महत्त्वाच्या निकालांत त्याची गणना होते. मात्र आधीच सुटलेला गाळ निकालाने थांबत नाही. तो अडवण्यासाठी 1941 मध्ये एंगलब्राइट हे सुमारे 79 मीटर उंचीचे धरण बांधले गेले, आणि समुद्रातून अंडी घालण्यासाठी नदीत वर चढणाऱ्या सामन माशांची वाट त्या धरणापाशी कायमची बंद झाली. एका अपराधाच्या निस्तरणुकीतून दुसरा अपराध घडावा, असा हा प्रकार होता.

दक्षिण युबा नदीवर नवी जलविद्युत धरणे बांधण्याच्या प्रस्तावांना विरोध करण्यासाठी तेथील नागरिकांनी 1983 मध्ये ‘साउथ युबा रिव्हर सिटिझन्स लीग’ ही संस्था स्थापन केली. संघराज्याचा 1968 चा ‘वाइल्ड अँड सीनिक रिव्हर्स’ कायदा तेव्हा अस्तित्वात होता. ज्या नदीचा किंवा तिच्या ज्या टप्प्याचा प्रवाह अडवलेला नाही आणि जिला निसर्ग, इतिहास किंवा मनोविनोद यांच्या दृष्टीने असाधारण मोल आहे, तिचे मुक्तप्रवाही रूप राखणे हा त्याचा गाभा. आरंभी केवळ आठ नद्या त्याच्या कक्षेत होत्या. कॅलिफोर्नियाचा स्वतःचाही याच धर्तीचा कायदा आहे, आणि सोळा वर्षांच्या चळवळीनंतर 1999 मध्ये दक्षिण युबाच्या 39 मैलांच्या, म्हणजे सुमारे 63 किलोमीटरच्या, टप्प्याला त्याचे संरक्षण मिळाले. याच संस्थेचा महोत्सव त्यानंतर चार वर्षांनी आला आणि त्याने नाव घेतले ते या संरक्षणाचे.

येथे घटनाक्रम महत्त्वाचा आहे. आधी नदी होती, मग तिचे नुकसान ओळखणारे लोक, मग संघटना, मग कायदा आणि शेवटी पडदा. पुढे हाच महोत्सव फिरता झाला, ठिकठिकाणच्या स्थानिक संस्था त्यातील लघुपट निवडून आपापल्या गावी दाखवू लागल्या, आणि त्या रात्रीची तिकिटे, देणग्या व स्वयंसेवकांची नावनोंदणी त्या गावच्या ओढ्याच्या किंवा नदीच्या कामी येऊ लागली. पडदा सर्वत्र पोहोचला. पण ज्या गावात पडद्याआधीचे टप्पे नव्हते, तेथे त्याने काय साधले, हा प्रश्न राहतोच.

मराठी मुलखात अशा रात्री होत नाहीत असे नाही. पुण्यात सुरू झालेला किर्लोस्कर वसुंधरा चित्रपट महोत्सव राज्यातील अनेक शहरांत पोहोचला आहे, आणि महाविद्यालये व निसर्गमंडळे आपल्या परीने असे कार्यक्रम करतात. तरीही एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. ॲमेझॉनच्या खोऱ्यावरील किंवा हिमनद्यांवरील देखणे लघुपट पाहून हेलावलेला प्रेक्षक घरी जाताना ज्या पुलावरून जातो, त्या पुलाखालील नाल्याचे मूळ नाव त्याला ठाऊक नसते. चित्रपटानंतरच्या चर्चेचा वेळ शाल-श्रीफळ आणि आभारप्रदर्शन यांत निघून जातो, आणि सभागृहात मागे उरतात त्या पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या. हळहळ ही कृतीची पूर्वतयारी असू शकते. पुष्कळदा ती कृतीची भरपाई होऊन बसते.

दुसरी अडचण खुद्द माध्यमाची आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2022 च्या अहवालात देशातील 311 प्रदूषित नदीपट्टे नोंदवलेले होते आणि त्यांपैकी 55, म्हणजे अन्य कोणत्याही राज्याहून अधिक, महाराष्ट्रात होते. हे पट्टे ठरवण्याचा निकष ‘जैवरासायनिक प्राणवायू मागणी’ हा आहे. पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना सूक्ष्मजीवांना जेवढा प्राणवायू लागतो तेवढी ही मागणी, आणि ती लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या वर गेली की पट्टा प्रदूषित धरला जातो. हा आकडा कॅमेऱ्याला दिसत नाही. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस दिसतो, म्हणून वारीच्या दिवसांत त्याची चित्रफीत घरोघर पोहोचते. फेस वाहून गेला की नदी सुधारली असा समज होतो. ज्या पाण्यात प्राणवायू संपत आला आहे ते वरून नितळही दिसू शकते. जे दिसते तेवढ्यावरच नदीची प्रकृती जोखण्याची सवय चित्रपट लावत असेल, तर त्याला नदीचा मित्र म्हणता येणार नाही.

याच अडचणीचे उत्तर मराठी चित्रपटाच्या अगदी आरंभी सापडते. गोदावरीच्या उगमापाशी, त्र्यंबकेश्वरी, 1870 मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, 1912 मध्ये, ‘अंकुराची वाढ’ हा अत्यंत छोटा चित्रपट केला. कुंडीत वाटाण्याचे बी पेरून, कॅमेरा एकाच जागी ठेवून, त्यांनी महिनाभराहून अधिक काळ थोडे थोडे चित्रण केले आणि अंकुर फुटण्यापासून वेल होण्यापर्यंतचा प्रवास काही क्षणांत पडद्यावर आणला. उद्देश भांडवल उभे करण्याचा होता. निसर्गरक्षण त्यांच्या ध्यानीही नसावे. तथापि डोळ्याला जे अतिसंथपणामुळे दिसत नाही ते दाखवणे, ही कॅमेऱ्याची खरी शक्ती त्यात सिद्ध झाली. नदीचा ऱ्हासही असाच संथ असतो. भराव दरवर्षी हातभर पुढे सरकतो, डोह उथळ होतो, धार फाल्गुनाऐवजी माघातच आटते, आणि प्रत्येक पिढी आपण लहानपणी पाहिलेली नदी हीच मूळ नदी समजते. एकाच घाटाचे, एकाच कोनातून, वर्षानुवर्षे केलेले चित्रण ही समजूत मोडू शकते. ड्रोनने टिपलेली विहंगम दृश्ये, कितीही नेत्रसुखद असली तरी, ती मोडू शकत नाहीत.

चित्रपटाने नदी वाचते, असा दावा कोणी करू नये. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांची ‘अ नर्मदा डायरी’ 1995 मध्ये आली; सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या महाराष्ट्रातील 33 गावांपैकी मणिबेलीसारख्या गावांचा लढा त्या काळात देशभर पोहोचला होता, आणि तरीही 138.68 मीटर उंचीचे ते धरण 2017 मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. त्याआधीच्या काळात, 1948 मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट मुख्य चित्रपटाआधी दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक होते आणि त्यांत धरणांचे गौरवगान असे, हेही विसरू नये. नदीविषयीचे जनमत घडवण्यासाठी पडदा वापरणे ही कल्पना पर्यावरणवाद्यांची नव्हे. ‘नर्मदा डायरी’चे मोल वेगळे आहे. बुडालेल्या गावांचा, त्यांच्या बोलीचा आणि सणांचा सरकारी फायलींबाहेरचा पुरावा तिने मागे ठेवला, आणि पुनर्वसनाचा वाद ज्या पुराव्यावर पुढे चालतो त्यात अशा नोंदींना स्थान असते.

या दृष्टीने नाशिकचा विचार आज तातडीचा ठरतो. रामकुंड परिसरात गोदावरीच्या तळावर काँक्रीट ओतले गेल्यामुळे जुनी कुंडे आणि त्यांतील जिवंत झरे झाकले गेले आणि ते मोकळे व्हावेत यासाठी नागरिकांना न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. 2027 च्या सिंहस्थासाठी घाट, रस्ते आणि पूल यांची कामे होत असताना, त्याच काठावर, त्याच वस्त्यांतील लोकांसमोर पडदा लावला गेला, तर त्यावर दूरदेशीच्या नद्यांआधी याच पात्राची जुनी छायाचित्रे व चित्रफिती कालक्रमाने दाखवाव्यात. सोबत दोन तक्ते भिंतीवर असावेत. पहिला त्या महिन्यातील पाण्याच्या तपासणीचा, आणि दुसरा पूररेषांचा. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा म्हणजे निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा म्हणजे लाल रेषा, हे अजूनही अनेक काठवासीयांना घर घेतल्यानंतरच समजते. चर्चेला मैलापाणी शुद्धीकरण केंद्राचा अभियंता बोलावलेला असावा, त्याचा सत्कार करू नये, आणि केंद्राची क्षमता किती, प्रत्यक्षात किती मैलापाणी तेथवर पोहोचते आणि उरलेले कोणत्या नाल्यातून नदीत जाते, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याने दिल्याशिवाय दुसरा लघुपट सुरू करू नये.