रंगीत तालीम

आमच्या घरांत श्रावण सरत आला कीं दोन तयाऱ्यांस एकदमच आरंभ होतो. माजघरांत गणपतीच्या मखराची, चौरंगाची आणि समयांची काढघाल सुरू होते. आणि ओसरीवर आमचे थोरले काका चष्मा पुसून वर्तमानपत्राचें खेळाचें पान उलगडतात व महाराष्ट्राचा क्रिकेटसंघ बुचीबाबू चषकाच्या सामन्यांसाठीं चेन्नईस रवाना झाला कीं नाहीं याचा शोध घेऊं लागतात. पहिल्या तयारीचें फळ दहा दिवसांत पदरीं पडतें. दुसरीचें १९४१ सालानंतर पदरीं पडलेलें नाहीं.

ज्यांस या खेळाचा नाद नाहीं अशा वाचकांसाठीं थोडा खुलासा करणें अवश्य आहे. रणजी करंडकासाठीं आपल्या एकाच राज्याचे तीन संघ मैदानांत उतरतात: मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. मुंबईनें २०२४ सालापर्यंत हा करंडक ४२ वेळां जिंकिला. ज्या विदर्भास कालपरवांपर्यंत कोणी खिजगणतींत धरीत नसे, त्यानेंहि २०१८, २०१९ आणि २०२५ असा तीनदां घरीं नेला. राहिला तो ज्याच्या कपाळीं सबंध राज्याचें नांव आहे तो संघ. त्याचीं दोन्ही विजेतेपदें १९३९-४० आणि १९४०-४१ या लागोपाठच्या दोन वर्षांतलीं. नायक होते पुण्याचे प्रोफेसर दिनकर बळवंत देवधर, सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत संस्कृत शिकविणारे. उत्तर भारताविरुद्धच्या १९४१ च्या उपांत्य सामन्यांत, वयाच्या एकूणपन्नासाव्या वर्षीं, त्यांनीं १९६ धांवा काढिल्या. हा आंकडा आमच्या काकांना संध्येच्या चोवीस नांवांप्रमाणें मुखोद्गत आहे आणि घरांतील प्रत्येक मुलाच्या मुंजीच्या आगेंमागें तो त्याच्याहि कानांवर घातला जातो.

आतां आमचें पनवेल यांत कोठें आलें? हार्बर मार्गावरील गाडी बेलापूर सोडून खारघरकडे निघाली कीं ठाणें जिल्हा संपतो आणि रायगड जिल्हा लागतो. डब्यांतील प्रवाशाच्या तें ध्यानांतहि येत नाहीं. परंतु क्रिकेटच्या व्यवहारांत ती सीमा मोठी आहे. अलीकडचें पोर मुंबईचें, पलीकडचें महाराष्ट्राचें; कारण रायगड जिल्ह्याची क्रिकेटसंस्था पुण्याच्या महाराष्ट्र संघटनेस जोडलेली आहे. आम्हां पनवेलकरांची नोकरी मुंबईस, मोठें दुखणें निघालें तर इस्पितळ मुंबईस, लग्नाचा बस्ता दादरास. आणि क्रिकेट मात्र घाटावर. साहजिकच लाईन आळींतलीं सारीं मुलें मुंबईच्या बाजूचीं आहेत. जो संघ जिंकतो तो आपला, हा बाळपणीचा न्याय आहे व तो अगदींच चुकीचा आहे असें आम्हांसहि म्हणवत नाहीं.

आमचा तेरा वर्षांचा पुतण्या याच मताचा. गेल्या वर्षीं श्रावणांत, सारें घर पानावर बसलें असतां, त्यानें आम्हांस विचारलें, "काका, आपण बेलापुरास बिऱ्हाड केलें तर मला मुंबईकडून खेळतां येईल ना?" मुलगा डावरा गोलंदाज आहे, त्याचे शिक्षक त्याचें नांव घेतात. प्रश्न पोरकट नव्हता. थोरल्या काकांनीं भाताचा घांस हातांतच धरून ठेविला, आणि मग कांहीं न बोलतां ताक मागून घेतलें.

काकांच्या निष्ठेचें मूळ १९७१ सालांत आहे. मुंबई व महाराष्ट्र यांचा अंतिम सामना ब्रेबोर्न मैदानावर झाला, तेव्हां काका नुकतेच नोकरीस लागले होते व रजा काढून एस. टी. नें मुंबईस गेले होते. मुंबईचे वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर असे सारे मोहरे त्या वेळीं भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडीजमध्यें होते. सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखालीं उरलेला संघ खेळला. आतां नाहीं तर केव्हां, असें काकांस वाटलें. महाराष्ट्र ४८ धांवांनीं हरला. १९९३ सालीं लुधियान्यास पंजाबनें अंतिम सामना घेतला, २०१४ सालीं हैदराबादेस कर्नाटकानें. त्या २०१४ सालीं उपउपांत्य फेरींत वानखेडेवर मुंबईस हरविलें होतें, तें एक सुख. बाकी हिशेब हा असा.

पराभवांतहि या संघाचें कांहीं निराळें असतें हें मात्र कबूल केलें पाहिजे. १९४९ च्या मार्च महिन्यांत पुण्यास झालेल्या उपांत्य सामन्यांत मुंबईनें ६५१ व ८ बाद ७१४ धांवा केल्या. महाराष्ट्रानें पहिल्या डावांत ४०७ केल्या, आणि चौथ्या डावांत डोंगर समोर दिसत असतां ६०४ केल्या, व तरीहि ३५४ धांवांनीं सामना गमावला. सात दिवसांत २३७६ धांवा! त्याच हंगामांत भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडविरुद्ध ४४३ धांवांवर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धांवांवर येऊन ठेपला असतां प्रतिपक्षानें खेळ सोडून दिला. ज्यानें हें केलें त्यास पुढें एकहि कसोटी सामना खेळावयास मिळाला नाहीं. महाराष्ट्राच्या पाठीराख्यास अशा गोष्टी सांगाव्या लागतात, कारण करंडक दाखवितां येत नाहीं.

म्हणूनच काकांस खरा आनंद होतो तो हंगामापूर्वींच्या सरावाच्या सामन्यांत. नाटकाच्या रंगीत तालमीस जशी एक वेगळीच झळाळी असते तशी ती असते. गुण नाहींत, बाद फेरी नाहीं, नव्या मुलांचीं नांवें प्रथमच छापून येतात, आणि कोणीहि अद्याप कोणाचा विरस केलेला नसतो. शिकागोस असलेल्या आमच्या भाचीनें काकांस एकदां तिकडची हकीकत कळविली होती. तेथील कब्ज नांवाचा बेसबॉलचा संघ १९०८ सालीं अजिंक्य ठरला आणि त्यानंतर थेट २०१६ सालीं. मधल्या १०८ वर्षांत दर फेब्रुवारी-मार्चांत संघ सरावासाठीं उबदार प्रदेशांत जाई, आणि शिकागोचे लोक बर्फांतून उठून मोठ्या आशेनें त्याच्या मागोमाग जात. हल्लीं हा सराव ॲरिझोनाच्या वाळवंटांत मेसा या गांवीं चालतो. पत्र वाचून काकांनीं कागदावर बेरीज मांडली. "१९४१ आणि १०८... म्हणजे २०४९!" असें म्हणून ते बराच वेळ हंसत होते.

२०२५ सालचा श्रावण मात्र नेहमींसारखा नव्हता. पृथ्वी शॉ हा सलामीचा फलंदाज मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आला होता, आणि केरळकडून पुष्कळ वर्षें खेळलेला अष्टपैलू जलज सक्सेना हाहि आला होता. ऋतुराज गायकवाड होताच; नायकपद अंकित बावने याजकडे. पुतण्यानें टोमणा मारला कीं मुंबईनें टाकलेलें तुम्ही उचलिलें. त्यावर काका शांतपणें म्हणाले, "अरे, विजय हजाऱ्यांनीं आपल्याकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ केल्या आणि पुढें ते बडोद्यासच गेले. चंदू बोरडे बडोद्याकडून खेळून आपल्याकडे आले. माणसें येतात, जातात." उत्तर बिनतोड होतें, परंतु बेलापूरचा प्रश्न मनांत असल्यामुळें असेल, तें बोलतांना काकांनीं पुतण्याकडे पाहिलें नाहीं.

चेन्नईस पहिल्याच सामन्यांत छत्तीसगडविरुद्ध शॉनें १११ धांवा केल्या. पुढें ऋतुराजचेंहि शतक झालें. गौरी-गणपती होऊन गेले, पितृपंधरवडा सरला, नवरात्र बसलें व उठलें. मग कोजागरीच्या दुसऱ्या दिवशीं, ७ ऑक्टोबर रोजीं, गहुंज्याच्या मैदानावर मुंबईविरुद्धच सरावाचा सामना सुरू झाला. आमच्या शेजारीं कळंबोलीस जो द्रुतगती मार्ग सुरू होतो, त्याच्या पुण्याकडील टोकापाशीं हें मैदान आहे. सलामीस अर्शीन कुलकर्णी व शॉ या जोडीनें ३०५ धांवांची भागी केली. अर्शीननें १८६ केल्या, शॉनें १८१. शॉ बाद झाल्यावर मैदानांत थोडी वादावादी झाली व वर्तमानपत्रांनीं तिलाच अधिक जागा दिली. आमच्या काकांनीं तो मजकूर वाचलाच नाहीं.

काकांची एक वही आहे. तींत ते महाराष्ट्राच्या प्रत्येक रणजी सामन्याचा गोषवारा शाईनें टिपून ठेवितात. सरावाचे सामने तींत कधींहि येत नाहींत. अधिकृत नोंदींत जें गणलें जात नाहीं तें वहींत नाहीं, असा त्यांचा दंडक. त्या रात्रीं मात्र त्यांनीं नव्या पानाच्या शिरोभागीं १८१ व १८६ हे आंकडे बारीक पेन्सिलीनें लिहिले. आम्हीं तें पाहिलें व पाहिलें नाहीं असें दाखविलें. पन्नासांहून अधिक वर्षें सावधपणें आशा बाळगणारा मनुष्य एका सराव-सामन्यानें भुलला हें आम्हांस आवडलें, आणि थोडी भीतिहि वाटली.

रणजीचा पहिला सामना १५ ऑक्टोबर रोजीं तिरुवनंतपुरम येथें केरळविरुद्ध होता. वसुबारस दोन दिवसांवर आली होती. स्वयंपाकघरांत चकलीची भाजणी मळणें चालू होतें. काका सोंवळें सोडून लवकरच ओसरीवर येऊन बसले. पुतण्याजवळ फोनवरचा धांवफलक होता. शॉ शून्यावर पायचीत. अर्शीन आल्या चेंडूस परत. तिसराहि शून्यावर. धांवफलकावर एकहि धांव नसतां तीन गडी बाद! मग नायकहि शून्यावर गेला, ५ धांवांत ४ गडी. १८ वर पांचवा गेला. आम्हीं पुतण्याकडे रोखून पाहिलें. पण तो हंसत नव्हता. काका उठले, पायांत वहाणा घातल्या आणि वडाळे तलावाकडे फिरावयास निघून गेले. उन्हाची वेळ होती. आमच्या काकूंनीं छत्री घेऊन कोणाला तरी पाठविलें.

दीड-दोन तासांनीं ते परतले तों पुतण्या ओसरीच्या पायरीवरच बसलेला. "आजोबा, ऋतुराज अजून आहे. आणि सक्सेना." इतकेंच तो म्हणाला. काका कांहीं न बोलतां शेजारीं टेकले. सहाव्या जोडीनें १२२ धांवा जोडल्या. ज्या केरळकडून आपण इतकीं वर्षें खेळलों त्याच्याविरुद्ध, १८ धांवांत ५ बाद अशा अवस्थेंत, सक्सेनानें ४९ धांवा काढिल्या, ऋतुराजनें ९१. दोघांचींहि पुढलीं मानाचीं स्थानें थोडक्यांत हुकलीं, आणि त्यावर दोघां आजोबा-नातवांनीं एकाच वेळीं "अरेरे!" म्हटलेलें आम्हीं आंतून ऐकलें. संघ २३९ पर्यंत पोंचला. केरळचा डाव २१९ मध्यें आटोपला. पावसाचा व्यत्यय असलेला तो सामना चौथ्या दिवशीं, धनत्रयोदशीस, अनिर्णित राहिला; परंतु पहिल्या डावांतील वीस धांवांच्या आघाडीमुळें महाराष्ट्रास तीन गुण मिळाले व केरळास एक.

काकांनीं रात्रीं वही उघडली. पुतण्यास वाटलें, ते पेन्सिलीचे आंकडे आतां पुसून टाकतील. त्यानें खोडरबरहि आणून ठेविला. काकांनीं तो बाजूस सारिला. पेन्सिलीच्या १८१ खालीं शाईनें शून्य लिहिलें, १८६ खालींहि शून्य, आणि त्याखालीं तीन गुण.

दिवाळी सरल्यावर चंदिगडविरुद्ध शॉनें दुसऱ्या डावांत २२२ धांवा केल्या व महाराष्ट्र १४४ धांवांनीं जिंकला. तेवढें पान शाईनें गच्च भरलें आहे. त्याच आठवड्यांत पुतण्यानें आम्हांस पुन्हां एकदां विचारलें कीं बेलापुरास दोन खोल्यांस भाडें काय पडतें. आम्हीं चौकशी करून सांगतों म्हटलें. काका ओसरीवरच होते. त्यांनीं पान उलटलें.