आधी सांगा, मग मत मागा

मार्च १९९३. ऑस्ट्रेलियात मतदानाला दहा दिवस उरले होते आणि विरोधी पक्षनेते जॉन ह्यूसन दूरचित्रवाणीवर मुलाखत द्यायला बसले होते. मंदीचे चटके अजून जाणवत होते, बेकारी दहा टक्क्यांच्या वर गेली होती, मजूर पक्ष दहा वर्षे सत्तेवर होता आणि लोक त्याला कंटाळले होते. ह्यूसन मूळचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. निवडणुकीच्या बऱ्याच आधी, नोव्हेंबर १९९१ मध्ये, त्यांनी सुमारे साडेसहाशे पानांचा आराखडा लोकांपुढे ठेवला होता. ‘फाइटबॅक’ हे त्याचे नाव. वस्तू आणि सेवांवर १५ टक्के कर, त्या बदल्यात जुना किचकट विक्रीकर रद्द आणि आयकरात सूट, असा त्याचा गाभा. मुलाखत घेणाऱ्या माइक विलेसी यांनी त्यांना एक साधा प्रश्न विचारला. दुकानातून वाढदिवसाचा केक विकत घेतला, तर तुमच्या करामुळे तो महाग होईल की स्वस्त?

ह्यूसन उत्तर देऊ लागले. आज त्या केकवर विक्रीकर लागतो का, त्यावर सजावट आहे का, तो आइस्क्रीमचा आहे का, वर मेणबत्त्या आहेत का, यावर ते अवलंबून आहे, असे सांगत गेले. चुकीचे ते काहीच बोलत नव्हते. पण घरोघरी बसलेल्या लोकांना एवढेच दिसले की, ज्याला आपल्याकडून कर घ्यायचा आहे, त्याला केकची किंमत सांगता येत नाही. ज्यांना हा कर समजत नसेल त्यांनी त्याला मतच देऊ नये, असा पंतप्रधान पॉल कीटिंग यांचा प्रचार चालूच होता. १३ मार्चला मजूर पक्ष पुन्हा निवडून आला आणि पूर्वीपेक्षा जास्त जागा घेऊन आला. जी हरणे शक्यच नाही असे म्हटले जात होते, ती निवडणूक ह्यूसन हरले.

जगभरचे निवडणूक सल्लागार हा किस्सा सांगतात तो विरोधी पक्षनेत्यांना गप्प बसवण्यासाठी. झाकली मूठ सव्वा लाखाची. निवडणूक विरोधक जिंकत नसतो, सरकार हरत असते. मग स्वतःहून कशाला काही बोलायचे आणि अंगावर ओढवून घ्यायचे? राज्य हातात येऊ द्या, सुधारणा मग करता येतील.

प्रचाराच्या धामधुमीत या सल्ल्याची नीट तपासणी होत नाही. दिवाळी अंकाला तेवढी सवड असते, म्हणून यंदाच्या अंकाच्या आरंभी आम्ही हा प्रश्न घेतला आहे. आमचे उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकतो. विरोधी पक्षनेत्याने निवडणुकीआधी मोठ्या सुधारणेचे वचन द्यावे, त्याचा भार कोणावर पडणार हेही त्याच सभेत सांगावे आणि त्यासाठी हरण्याची तयारी ठेवावी.

ह्यूसन यांच्या गोष्टीतला एक दुवा सांगणारे बहुधा गाळतात. केकचा प्रश्न इतका अवघड झाला, कारण त्यांनी स्वतःच माघार घेतली होती. मूळ आराखड्यात खाद्यपदार्थांनाही सूट नव्हती. टीका वाढली तेव्हा, डिसेंबर १९९२ मध्ये, खाद्यपदार्थ करातून वगळले गेले. त्यासरशी कोणता पदार्थ साधे अन्न आणि कोणता नाही, असे फाटे फुटले आणि केक नेमका त्या फाट्यावर येऊन बसला. मूळ आराखड्यात सुटसुटीतपणा हेच मोठे बळ होते. तेच भीतीपोटी सोडून दिल्यावर राहिला तो फक्त कर.

पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. त्याच पक्षाचे जॉन हॉवर्ड यांनी हा कर पुन्हा कधीही आणणार नाही असे सांगितले आणि १९९६ ला सत्ता मिळवली. मात्र सत्तेत आल्यावर त्यांचे मत फिरले. ते बहुमताच्या जोरावर कर रेटू शकले असते, निदान तसा प्रयत्न करू शकले असते. त्यांनी तसे केले नाही. १९९८ ला दहा टक्के कराचा प्रस्ताव घेऊन ते पुन्हा मतदारांसमोर गेले. जागा घटल्या. दोन मुख्य बाजूंमध्ये मतांची वाटणी केली, तर त्यांची बाजू निम्म्याच्याही खाली राहिली. पण सरकार टिकले. वरिष्ठ सभागृहात त्यांना बहुमत नव्हते. तिथे डेमोक्रॅट्स या छोट्या पक्षाशी वाटाघाटी होऊन मूलभूत अन्नपदार्थ वगळले गेले आणि १ जुलै २००० पासून कर लागू झाला. पंचवीस वर्षे झाली, तो पूर्णपणे रद्द करा म्हणून तिथे कोणत्याही मोठ्या पक्षाने निवडणूक लढवलेली नाही. ह्यूसन हरले, पण त्यांनी ज्या कल्पनेवर मते मागितली ती सात वर्षांत कायदा झाली. हे अपयश आहे असे आम्हाला वाटत नाही.

लोकांकडे आधी मागितलेली परवानगी विरोधकांच्या हातातल्या सभागृहातही चालते, याचे आपल्याकडचे उदाहरण त्याहून मोठे आहे. १९७७ मध्ये जनता पक्षाचे बहुतेक नेते तुरुंगातून नुकतेच सुटले होते. पैसा नव्हता, पक्षाला नीट आकारही आला नव्हता. तरी त्यांनी जाहीरनाम्यात स्पष्ट लिहिले की आणीबाणीत झालेली बेचाळिसावी घटनादुरुस्ती मागे घेऊ. सत्ता मिळाली, पण राज्यसभेत बहुमत काँग्रेसचे होते आणि घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात. त्यासाठी आणलेल्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीतली काही कलमे राज्यसभेने पाडलीही. पण गाभा टिकला. केवळ ‘अंतर्गत अशांतता’ म्हणून आणीबाणी लावण्याची वाट बंद झाली आणि जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, हे घटनेत आले. ज्या पक्षाने आणीबाणी लादली त्याच्याच खासदारांच्या मतांशिवाय हे होणे शक्य नव्हते. लोकांनी नुकताच दिलेला कौल समोर दिसत असताना त्यांना सरसकट नकार देता आला नाही. जनता सरकार तीन वर्षेही टिकले नाही, भांडणात गेले. हे एक कलम मात्र आजही तुमचे-आमचे रक्षण करते आहे.

आता आपल्या राज्याकडे वळू. १९९५ च्या आधी विधानसभेत विरोधी पक्षनेते होते गोपीनाथ मुंडे. त्यांच्याइतकी सरकारची झोप उडवणारा विरोधी पक्षनेता महाराष्ट्राने क्वचितच पाहिला. गुहागर तालुक्यातल्या एन्रॉनच्या वीजप्रकल्पाचा करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला होता. बोली न मागवता झालेला, दर चढे, बरेच काही पडद्याआड. मुंडे सभांमध्ये सांगत की आम्ही आलो की एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू. त्यांचे आक्षेप खोटे नव्हते. पुढे माधव गोडबोले समितीने याच व्यवहाराच्या कारभारावर कठोर ठपका ठेवला. शिवसेना-भाजप युती सत्तेवर आली, मुंडे उपमुख्यमंत्री झाले, ऊर्जा खातेही त्यांच्याकडे आले. ऑगस्ट १९९५ मध्ये प्रकल्प रद्द झाल्याची घोषणा झाली. दिलेला शब्द पाळला गेला.

सहा महिनेही झाले नाहीत तोच, जानेवारी १९९६ मध्ये, प्रकल्प पुन्हा मान्य झाला आणि तोही आधीपेक्षा मोठा. कारण सभेत न सांगितलेली गोष्ट सत्तेवर आल्यावर समोर उभी राहिली. करार मोडला तर भरपाई किती, लंडनच्या लवादापुढे राज्याची बाजू कितपत टिकेल, गुहागरची वीज नको तर उद्योगांना लागणारी वीज कुठून आणायची, यांपैकी एकही प्रश्न लोकांपुढे मांडला गेला नव्हता. लोकांनी बुडवायची परवानगी दिली होती, बुडवण्याची किंमत मोजायची परवानगी कोणी मागितली नव्हती. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि वीज मंडळाला ती वीज परवडेना. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि वर्ष संपण्याआधी अमेरिकेतली मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली. मुंडे यांनी १९९४ मध्ये एकाच सभेत सांगितले असते की, करार मोडू, त्यासाठी अमुक वर्षे वीज तुटपुंजी राहील आणि भरपाईचा बोजा राज्याला उचलावा लागेल, तर कदाचित टाळ्या कमी पडल्या असत्या. पण त्यानंतर वाटाघाटींच्या टेबलावर त्यांचे सरकार इतके एकाकी पडले नसते. या थोर नेत्याबद्दल मनात आदर ठेवूनच आम्ही हे म्हणतो आहोत.

१९९५ च्या त्याच निवडणुकीत मुंबईतल्या चाळीस लाख झोपडीवासीयांना मोफत घरांचे वचन दिले गेले. तिथेही किंमत सांगितली गेली नाही. घर फुकट, पण ते बांधायचा खर्च बिल्डरने वाढीव चटईक्षेत्रातले फ्लॅट विकून काढायचा, म्हणजे शेवटी तो इतर घर घेणाऱ्यांनी द्यायचा. जागांचे भाव पडताच योजना मंदावली. तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. झोपडीत राहणाऱ्याला त्याच जागी पक्के घर मिळण्याचा हक्क आहे, हे तत्त्व त्या वचनाने एकदा रुजवले आणि नंतरच्या कोणत्याही सरकारला ते उपटता आले नाही.

गप्प राहून सत्ता मिळवणाऱ्यांचे काय होते ते ब्रिटनमध्ये नुकतेच दिसले. तेव्हाचे विरोधी पक्षनेते किअर स्टार्मर यांनी २०२४ ला जपून, मोजून-मापून प्रचार केला आणि प्रचंड बहुमत मिळवले. काही आठवड्यांतच त्यांच्या सरकारने बहुसंख्य वृद्धांचा हिवाळ्यातला इंधनभत्ता बंद केला. जाहीरनाम्यात त्याचा उल्लेख नव्हता. एवढे बहुमत असूनही वर्षभराच्या आत बराचसा भत्ता परत द्यावा लागला.

आपल्याकडे तिसराच प्रकार आहे, छापायचे पण बोलायचे नाही. काँग्रेसच्या २०१९ च्या जाहीरनाम्यात बाजार समिती कायदा रद्द करून शेतमालाचा व्यापार बंधनमुक्त करण्याचे वचन होते. केवढी मोठी सुधारणा! लासलगावच्या कांद्यापासून पंजाबच्या गव्हापर्यंत सगळ्यांना हलवणारी. पण ते पानावरच राहिले, प्रचाराचा मुद्दा कधी झाले नाही. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने त्या दिशेचे कायदे आधी अध्यादेशाने आणले तेव्हा काँग्रेसला त्यांच्याविरुद्ध उभे राहताना स्वतःचेच पान अडचणीचे झाले. आणि ज्या सरकारने ते आणले त्यानेही शेतकऱ्याला आधी विचारले नव्हते. वर्षभर दिल्लीच्या वेशीवर आंदोलन चालले, नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे घेतले गेले. शेतमालाच्या बाजाराचा प्रश्न होता तिथेच आहे आणि आता त्याला हात लावायला कोणी धजत नाही. न विचारता केलेल्या सुधारणेने हे सर्वात मोठे नुकसान केले.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. विरोधी पक्षनेत्याकडे सचिवालय नसते, आकडे नसतात. आतली स्थिती त्याला कळते ती खुर्चीत बसल्यावर. मग त्याने तपशीलवार वचन द्यायचे कसे? मान्य आहे. साडेसहाशे पाने लिहू नयेत. पण बदल काय, तो कशासाठी आणि भार कोणाच्या खांद्यावर, या तीन गोष्टी सांगायला सचिवालय लागत नाही. महाराष्ट्राच्या २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत एका बाजूने महिलांना दरमहा २१०० रुपये आणि दुसऱ्या बाजूने ३००० रुपये सांगितले गेले. कोणता खर्च कमी करून किंवा कोणता कर वाढवून हे पैसे आणायचे, हे प्रचारात ठळकपणे कोणीच मांडले नाही. त्या महिलांना पैसे मिळू नयेत असे आम्ही म्हणत नाही. त्यांना हिशेब समजत नाही असे गृहीत धरले गेले, याचा आम्हाला राग आहे. किराण्याच्या उधारीची वही ज्या घरात बाईच सांभाळते, तिथे हे गृहीत धरणे अपमानाचे आहे.

त्या निवडणुकीनंतर विधानसभेत विरोधी पक्षनेतेपदाची खुर्ची रिकामी राहिली, कारण एकाही विरोधी पक्षाला सभागृहाचे दशांश संख्याबळ नव्हते. पद नसले तरी काम उरतेच. ते करू इच्छिणाऱ्याला आम्ही एक विषय सुचवतो. राज्यात लागवडीच्या मानाने थोड्या जमिनीवर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा घेतो. पाटपाण्यावरच्या बारमाही पिकांना ठिबक, तुषार किंवा तशा पाणी वाचवणाऱ्या पद्धतीशिवाय पाणी देऊ नये, अशी तरतूद जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात आहे. उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने २०१७ मध्ये पुन्हा घेतला. तरी सरीत पाटाचे पाणी सोडलेला ऊस आजही कुठल्याही कालव्याच्या कडेने चालत गेले की दिसतो. कायदा झाला, निर्णय झाला, पण शेतकऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून कोणी त्याची संमती घेतली नाही. त्यामुळे अंमल करायची वेळ आली की प्रत्येक सरकार कच खाते.

पुढच्या विधानसभा निवडणुकीला अवकाश आहे. विरोधी पक्षातल्या ज्या कोणाला मुख्यमंत्री व्हायचे असेल त्याने किंवा तिने पंढरपूर, श्रीरामपूर, माजलगाव इथे भर सभेत सांगावे की उजनी, भंडारदरा, जायकवाडीचे पाणी ठिबकानेच मिळेल. लहान शेतकऱ्याच्या ठिबकाचा एवढा खर्च सरकार देईल, एवढा कारखाना देईल आणि उरलेला तुम्हाला करावा लागेल. ज्या खोऱ्यात पाणीच नाही तिथे ऊस कमी होईल, त्या बदल्यात तुमच्या तूर-ज्वारीची खरेदी या भावाने होईल. चितळे यांच्या जल व सिंचन आयोगाचा अहवाल १९९९ पासून कपाटात आहे, पाण्याचे गणित त्यातून घ्यावे. सभेत ओरडा होईल, काही खुर्च्या रिकाम्या होतील. जे बसून राहतील त्यांचे प्रश्न लिहून घ्यावेत आणि पुढच्या महिन्यात उत्तरे घेऊन त्याच गावात परत जावे.