किल्ली गाडीत, नंबर घरात

भगिनींनो, घरातल्या किल्ल्या कुणी सांभाळायच्या, हा प्रश्न कुठल्याच घरात पडत नाही. कपाटाची किल्ली, बँकेतल्या लॉकरची किल्ली, सासूबाईंच्या ट्रंकेची किल्ली, सगळ्यांचा हिशेब आपल्याकडेच असतो. पण दाराशी मोटार आली, की तिच्याबरोबर आणखी एक किल्ली घरात येऊ शकते आणि तिची आपल्याला ओळखही नसते. गाडी सुरू करायची किल्ली नव्हे हं! ही चाकाच्या नटाची किल्ली. दिसायला लोखंडाचा एक बुटका तुकडा. पण प्रवासात नेमकी तीच दगा देते.

नाशिककडच्या एका भगिनीनं लिहिलं आहे : “मुलांना घेऊन माहेरी निघाले होते. वाटेत चाक बसलं. पंक्चरवाला बिचारा लगेच आला. तीन नट सैल झाले, चौथा काही केल्या हलेना. त्यानं पान्याला पाइप अडकवून जोर केला, आणि त्या नटाची किल्लीच कट्‌कन तुटली. शेवटी गाडी ओढून न्यावी लागली. घरी आल्यावर हे म्हणाले, ‘तुला कुणी सांगितलं होतं चाक खोलायला?’ तेव्हापासून गाडी बाहेर काढायचा धीर होत नाही. माझं काय चुकलं?”

ताई, तुमचं काही चुकलं नाही. पंक्चर झालेलं चाक खोलायचंच असतं. अशी किल्ली बहुधा एका दिवसात तुटत नाही. ती आधीपासून दुखावलेली असते आणि जिच्या हातात गाडी असेल तिच्यावर आळ येतो, इतकंच. तेव्हा हे प्रकरण नीट समजावून घेऊ या. समजलं म्हणजे भीतीही जाईल.

साध्या लोखंडी चाकाऐवजी गाडीला चकचकीत ॲलॉयची चाकं असली, तर ती चोरांच्या डोळ्यांत भरतात. म्हणून अशा काही गाड्यांच्या प्रत्येक चाकाला एक नट वेगळा बसवतात. बाकीचे नट षट्‌कोनी असतात, कुठल्याही पान्यानं निघतात. हा नट मात्र गोल, आणि त्याच्या तोंडावर नागमोडी खाच नाहीतर नक्षी कोरलेली. त्या नक्षीत बरोबर बसणारी किल्ली लावायची, किल्लीच्या दुसऱ्या टोकाला नेहमीचा पाना लावायचा, तेव्हा नट फिरतो. चोराकडे ती किल्ली नाही, म्हणून चाक सुरक्षित. पण किल्ली हरवली किंवा तुटली, की चोराची आणि मालकिणीची गत एकच! कुंपणानंच शेत खावं, तशातला प्रकार.

आता ती तुटते कशानं? आपल्या मिक्सरचं भांडं नीट न बसवता बटण दाबलं, तर खालच्या कपलरचे दात झडतात की नाही? इथंही तेच होतं. किल्लीचे दात पातळ असतात. पावसाळ्यात नटाच्या खाचेत चिखल जाऊन वाळतो, मग किल्ली अर्धीच आत जाते आणि सगळा जोर तेवढ्याच टोकांवर येतो. पाना तिरका धरला तरी तेच. त्यातून टायरच्या दुकानात हवेच्या गननं धडधड नट कसायची सवय. हे नट बनवणाऱ्या कंपन्या बजावून सांगतात, की किल्लीला गन लावू नका. पण घाईत ऐकतो कोण? गननं नट गरजेपेक्षा फार घट्ट बसतो आणि किल्लीला बारीक चीरही जाते. मग कधीतरी रस्त्यात हातानं खोलताना ती मोडते.

वाटेत असा प्रसंग आलाच, तर घाबरून न जाता क्रमानं कामं करा.

गाडी रस्त्याच्या अगदी कडेला घ्या. चारही दिवे लुकलुकत ठेवा आणि डिकीतला लाल त्रिकोण बराच मागे नेऊन ठेवा. मुलांना डाव्या दारानं उतरवून रस्त्यापासून दूर, कठड्यापलीकडे उभं करा. गाडीत बसवून ठेवू नका.

किल्ली मोडली, की जोर करणं तिथंच थांबवा. छिन्नी-हातोडा मारून बघू, असं कुणी म्हणालं तर स्पष्ट नको म्हणा. त्यानं ॲलॉयचं चाक खराब होतं. गाडी जॅकवर असेल तर खाली उतरवून घ्या. जे नट सैल केले असतील ते पुन्हा पक्के कसून घ्या. ही गोष्ट हमखास विसरली जाते आणि तीच सगळ्यांत धोक्याची आहे.

मग पंक्चर कुठं आहे ते पाहा. हल्लीचे बहुतेक टायर ट्यूबलेस असतात, आणि टायरच्या तळव्यात, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागात, खिळा घुसला असेल तर चाक न काढताही बाहेरून पट्टी घालून पंक्चर काढता येतं. खिळा दिसत नसेल तर गाडी हातभर पुढे-मागे सरकवा, म्हणजे तो वर येईल. पुढचं चाक असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवलं, की काम करायला जागा मिळते. पंक्चरवाला साहित्य घेऊन तयार होईपर्यंत खिळा मात्र उपसू नका. आहे ती हवाही जाईल. एवढ्यानं घरापर्यंत येता येतं. पुढे किल्लीची सोय झाली, की टायर आतून तपासून घ्यावा.

टायरची कडेची बाजू फाटली असेल, तर पट्टीचा उपयोग नाही. “हळूहळू नेऊ या” असंही करू नका. बसलेल्या चाकावर गाडी चालवली, की टायर तर जातोच, रिमही जाते. गाडी पूर्ण उचलून नेणारं वाहनच बोलवा. विम्याबरोबर किंवा गाडीच्या कंपनीकडून रस्त्यावरच्या मदतीची सोय घेतलेली असेल, तर तिचा नंबर कागदपत्रांत असतो. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, आणि जिवाला धोका वाटला तर ११२, हे दोन आकडे तोंडपाठच असावेत.

गाडी गॅरेजमध्ये पोचली, की पहिलाच प्रश्न विचारा : “या नटाची दुसरी किल्ली मिळेल का?” किल्लीवर, किंवा तिच्याबरोबर आलेल्या लहानशा कार्डावर, अनेकदा एक नंबर असतो. त्या नंबरावरून दुसरी किल्ली मागवता येते. म्हणून मोडलेले तुकडे टाकून देऊ नका, बरोबर न्या. काही विक्रेत्यांकडे सगळ्या नक्ष्यांच्या किल्ल्यांचा संचही असतो. दोन-चार दिवस थांबायची तयारी असेल, तर हाच मार्ग सगळ्यांत स्वस्त आणि निर्धोक.

ते जमलं नाही, तर आतून उलटे आटे असलेलं खास सॉकेट नटावर ठोकून बसवतात आणि नट फिरवून काढतात. त्यात नट वाया जातो, पण चाक वाचतं. काही नटांचं बाहेरचं कडं नुसतंच गरगर फिरतं. तिथं ही युक्ती चालत नाही आणि काम वाढतं. कुणी वेल्डिंग करू म्हणालं, तर आधी दुसरं ठिकाण पाहा. हवा भरलेल्या टायरजवळ एवढी उष्णता नेणं हा खेळ नव्हे. टायर फुटू शकतो.

जुना नट निघाल्यावर त्या जागी कुठलाही नट चालत नाही. आटे आणि बसायचा आकार, दोन्ही आपल्याच गाडीचं हवं. गाडी नेहमी कुंपणाच्या आत उभी राहत असेल, तर हे कुलपाचे नट काढून सगळीकडे साधे बसवायलाही हरकत नाही. घरात बसून ठरवा. आणि चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर चालवून नट पुन्हा एकदा तपासून घ्या.

पण हे सगळं टाळता येतं, बरं का. एखाद्या सुट्टीच्या दुपारी, गाडी सपाट जागी हँडब्रेक लावून उभी असताना, डिकी उघडा. चाकाचे सगळे नट एकसारखे दिसत असतील, तर तुम्हाला ही काळजीच नाही. एक वेगळा असेल, तर किल्ली शोधा. ती बहुधा जॅक-पान्याच्या पिशवीत, स्टेपनीजवळ किंवा पुढच्या खणात असते. हाताशी आहात तर स्टेपनीही आहे का ते पाहा. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं साहित्य असेल, तर स्टेपनी नसली तरी चालते, असा नियम २०२० साली झाला. तेव्हा आपल्या गाडीत यांपैकी काय आहे ते माहीत हवं.

आता किल्लीचे दात बोटानं चाचपा. कडा गोल झाल्या असतील किंवा चीर दिसत असेल, तर आजच नवी मागवा. नटाची खाच जुन्या दातांच्या ब्रशनं साफ करा, किल्ली सरळ आणि शेवटपर्यंत आत बसवा, आणि पाना लावून नट जरासा सैल होतो का ते बघा. झाला, की पुन्हा पक्का कसा. मुळीच हलला नाही, तर पाइप लावू नका; गॅरेजमध्ये मोजून कसायच्या पान्यानं चारही चाकं ठीक करून घ्या. लहान गाड्यांना साधारण १०० ते ११० न्यूटन-मीटर एवढा जोर लागतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत असतो.

चाक काढायचंच असेल, तर कुलपाचा नट सगळ्यांत आधी सैल करायचा आणि सगळ्यांत शेवटी कसायचा. म्हणजे त्याच्यावर एकट्यावर भार येत नाही. शिवाय किल्ली मोडलीच, तर बाकीचे नट घट्ट असल्यामुळे चाक जागेवर राहतं.

टायरच्या दुकानात गेलात, की नम्रपणे पण ठामपणे म्हणा, “दादा, या नटाला गन नको, हातानंच खोला आणि हातानंच कसा.” आणि निघताना किल्ली मागून घ्या. कितीतरी किल्ल्या त्या दुकानातच राहून जातात! जुनी गाडी विकत घेतानाही ही किल्ली पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका.

शेवटचं, पण फार महत्त्वाचं. किल्लीचा नंबर गॅसच्या ग्राहक क्रमांकाशेजारी, घरच्या वहीत लिहून ठेवा. कार्डही घरातच ठेवा. किल्ली गाडीत आणि नंबर घरात, अशी वाटणी केली, की एक गेलं तरी दुसरं हाताशी राहतं. आणि हे पाठ एकटीनंच करू नका. घरात जो जो गाडी चालवतो त्याला किल्लीची जागा दाखवा, यजमानांनाही. त्यांना ती आधीच ठाऊक असेल तर उत्तमच. नसेल तर त्याच दुपारी दोघांनी मिळून एक चाक काढून बसवून पाहावं.