फडक्यांची कादंबरी आणि आमचें माजघर

जुन्या नाशकांतील आमचा वाडा अखेर पाडावयाचा ठरला. गेल्या महिन्यांत माळ्यावरील सामान खालीं काढतांना आईची पत्र्याची ट्रंक सांपडली. तींत वर दोन लुगडीं आणि त्यांखालीं ‘केसरी’च्या कागदांत गुंडाळलेलीं आठ पुस्तकें निघालीं. ‘जादूगार’, ‘दौलत’, ‘अटकेपार’, ‘निरंजन’, आठही प्रा. नारायण सीताराम फडके यांचीं. सूनबाईनें विचारलें, “बाबा, हीं रद्दींत घालूं का?” मीं म्हटलें, “थांब.” त्या पुस्तकांचें माझ्याकडे एक जुनें देणें आहे, आणि तें सांगितल्यावांचून या महिन्याचा लेख माझ्या हातून होणार नाहीं.

१९६८ चें साल असावें. मी अकरा वर्षांचा होतों. नाना, म्हणजे आमचे वडील, संस्कृताचे शिक्षक. पहांटे अमरकोश आणि सायंकाळीं रूपावली हा घरचा नेम. ‘कादंबरी’ हा शब्द त्यांना बाणभट्टापुरताच मान्य होता. आई मला दुपारीं सार्वजनिक वाचनालयांत पाठवी. चिठ्ठीवर दोन नांवें असत. एक नानांच्या दृष्टीस पडलें तरी चालेल असें, आणि दुसरें फडक्यांचें. हें दुसरें दप्तरांतून येई. एके दिवशीं नानांनीं सहज विचारलें, “दप्तर आज जड कां रे?” आणि खरें बोलल्याचें पुण्य पदरीं पडेल या हिशेबानें मीं सारें सांगून टाकलें. नाना रागावले नाहींत. त्यांनीं पुस्तकाचीं दोन पानें चाळलीं, तें आईसमोर ठेवलें आणि एवढेंच म्हणाले, “हें घरांत नको.” दुसऱ्या दिवसापासून माझी वाचनालयाची फेरी बंद झाली. आईनें मला एका शब्दानेंही बोल लावला नाहीं. लावला असता तर बरें झालें असतें.

ज्यांच्यामुळें हें घडलें ते फडके ४ ऑगस्ट १८९४ रोजीं नगर जिल्ह्यांतील कर्जत येथें जन्मले. विषय तत्त्वज्ञान, पेशा प्राध्यापकाचा. त्या पेशाचा मोठा काळ कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत गेला. वर्गांत तर्कशास्त्र आणि घरीं प्रणयकथा, असा हा दुहेरी संसार. पहिली कादंबरी ‘अल्ला हो अकबर’ १९१७ सालीं आली, आणि ती मेरी कोरेली या इंग्रज लेखिकेच्या एका कादंबरीवर बेतलेली होती. या बाईचें नांव आज विलायतेंतही फारसें कोणाच्या तोंडीं नाहीं. परंतु व्हिक्टोरिया राणीच्या अखेरच्या दिवसांत तिच्या पुस्तकांच्या खपाची बरोबरी करणारे लेखक थोडे होते. टीकाकारांनीं मात्र तिची यथेच्छ टवाळी केली. तेव्हां १८९५ सालच्या आपल्या कादंबरीची प्रत एकाही परीक्षकाकडे जाणार नाहीं, असें तिनें पुस्तकांतच छापून टाकलें, आणि तें पुस्तक तुफान खपलें! शेक्सपिअरच्या गांवीं घर करून राहिलेली ही मानी बाई १९२४ सालीं वारली. फडक्यांनीं तिच्याकडून नुसतें कथानक घेतलें असें नव्हे. वाचक एकीकडे आणि पंडित दुसरीकडे, हें भांडणही त्याबरोबर त्यांच्या वांट्यास आलें.

पुढील साठ वर्षांत त्यांनीं सत्तरावर कादंबऱ्या लिहिल्या. शिवाय लघुकथा, ‘गुजगोष्टी’सारखे लघुनिबंध, आणि तर्कशास्त्रावरील ग्रंथ निराळेच. एवढें एका माणसाच्या हातून कसें झालें? त्याचें उत्तर १९३१ च्या ‘प्रतिभासाधन’ या पुस्तकांत मिळतें. कथानकाची जुळणी, आकर्षक आरंभ, उत्कंठा वाढविणें, शेवट साधणें, या गोष्टी शिकून आणि मेहनतीनें येतात, असें त्यांचें म्हणणें होतें. लोक हंसले, प्रतिभा काय शिकवणीनें येते? संस्कृत शिकलेल्यांनीं तरी हंसावयास नको होतें. मम्मटानें काव्याचें कारण सांगतांना शक्तीबरोबर निपुणता आणि अभ्यास हींही सांगितलींच आहेत. प्राध्यापकमहाशयांनीं अभ्यासाचें पारडें जरा जड केलें, इतकेंच.

दोष मी झांकीत नाहीं. या कादंबऱ्यांतील माणसांना उद्यांच्या भाकरीची चिंता क्वचित् असते. नायक देखणा, नायिका त्याहून देखणी, आणि दोघांची गांठ पाडण्यास योगायोग सदैव हात जोडून उभा. राजकीय चळवळी येतात, पण बहुधा नाटकांतील पडद्यासारख्या. खांडेकरांनीं ‘जीवनासाठीं कला’ म्हणून जो पक्ष मांडला, तो या उणिवेवर नेमकें बोट ठेवणारा होता. आणि अत्र्यांनीं तर फडक्यांवर शब्दांचे आसूडच ओढले. गंमत अशी कीं साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद या तिघांकडे लागोपाठ आलें. १९४० मध्यें रत्नागिरीस फडके, १९४१ मध्यें सोलापुरास खांडेकर आणि १९४२ मध्यें आमच्या नाशकास अत्रे! महाराष्ट्रानें भांडणांतील तिन्ही पक्षांना फेटा बांधला.

परंतु माजघरांत हा वाद कोणी वाचीत नव्हतें. तेथें काय वाचलें जात होतें तें पाहावें. १९२९ सालीं ‘दौलत’ निघाली. त्याच सालीं शारदा कायदा संमत होऊन मुलीच्या लग्नाचें किमान वय चौदा ठरलें, आणि तेवढ्यानेंही धर्म बुडाला म्हणून आपल्याच घरांतून ओरड झाली. अशा वेळीं फडक्यांची नायिका कॉलेजांत जाते, पुरुषाशीं मान वर करून बोलते, आणि आपण कोणाची व्हावें याचा विचार स्वतः करते. फडके याबाबत केवळ कथा सांगून थांबले नव्हते. संततिनियमनाचा उघड पुरस्कार करणारें त्यांचें इंग्रजी पुस्तक १९२७ सालीं प्रसिद्ध झालें होतें. रघुनाथराव कर्व्यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ काढलें तेंही त्याच सालीं. माझ्या आईचें लग्न सोळाव्या वर्षीं झालें. स्थळ पसंत आहे का, हें तिला कोणीं विचारलें नव्हतें, आणि विचारावयाचें असतें हेंही कोणाच्या ध्यानीं नव्हतें. तिला तो प्रश्न प्रथम छापील अक्षरांत भेटला. आतां कोणी म्हणेल, हीं स्वप्नें खोटीं. असतील. पण नाना दरवर्षीं ‘शाकुंतल’ शिकवीत, आणि झाडाआड उभें राहून मुलीकडे पाहणाऱ्या त्या राजाचें वर्णन करतांना त्यांचा आवाज बदले, हें मीं स्वतः त्यांच्या वर्गांत बसून ऐकलें आहे. तेथें गांधर्वविवाह चाले. येथें टेनिसचें मैदान असल्यामुळें तें घरांत नको!

फडक्यांना १९६२ सालीं पद्मभूषण मिळालें, आणि २२ ऑक्टोबर १९७८ रोजीं ते वारले. त्या दिवसांत मी नुकता नोकरीस लागलों होतों. बातमी वाचून आईनें वर्तमानपत्र घडी करून बाजूस ठेवलें, एवढें स्मरतें.

आतां ट्रंकेंतील पुस्तकांविषयीं. आठही जुन्या बाजारांतून घेतलेलीं. प्रत्येकावर आधींच्या मालकाचें नांव खोडलेलें. शेवटच्या पानावर पेन्सिलीनें, आईच्या अक्षरांत, ‘वाचलें’ आणि खालीं तारीख. पहिली तारीख १९६९ ची आहे. म्हणजे वाचनालयाची फेरी बंद झाल्यावर वर्षभरांतच तिनें भाजीच्या पैशांतून स्वतःचें वाचनालय काढलें होतें, आणि मला मात्र आयुष्यभर वाटत राहिलें कीं मीं तिचें वाचन मोडलें. ‘दौलत’च्या पानावर चार तारखा आहेत.

आणखी एक. ‘अटकेपार’ चाळतांना समासांत तांबडी शाई दिसली. एका तत्सम शब्दांतील ऱ्हस्व-दीर्घाची चूक सुधारली होती. पुढें आणखी एक, मग आणखी. तें वळण मी विसरणें शक्य नाहीं. माझ्या साऱ्या वह्या त्याच शाईनें तपासल्या गेल्या आहेत. नानांनीं छापखान्याच्या चुका शेवटच्या पानापर्यंत दुरुस्त केल्या होत्या.

पुस्तकें बांधावयास दिलीं आहेत.