सुट्टीत घरी आलेल्या मुलीला काय सांगायचं?

परदेशातून घरी आलेल्या कुटुंबाच्या उन्हाळ्यावर मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे. दिवाळी अंक असोत की रविवारच्या पुरवण्या, हे लेखन ठरलेल्या वळणाने जातं. विमानतळावर घ्यायला आलेले काका, आजोळचा वाडा, माळ्यावरची आंब्यांची अढी, आजीच्या हातचा आमरस आणि मराठी विसरत चाललेली नातवंडं. वाचायला ते छान वाटतं. पण त्यात एक गोष्ट न सांगता गृहीत धरलेली असते. हे घर आधीपासून तिथे आहे, त्याचा सातबारा आजोबांच्या नावावर आहे आणि गावाच्या विहिरीवर त्या घरातल्या कुणाला कधी कुणी अडवलेलं नाही.

आपल्यातूनही आता परदेशी जाणारे वाढत आहेत. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या वर्षाला १२५ जागा आहेत, महाराष्ट्राच्या राजर्षी शाहू शिष्यवृत्तीच्या ७५. आयटी कंपन्यांतून जाणारे वेगळे. हे लोकही परततात, त्यांच्या मुलांनाही उन्हाळ्याची सुट्टी असते. पण आपलं घर बहुतेक वेळा वाड्याचं नसतं. ते नोकरीला लागलेल्या पहिल्या माणसाने कर्ज काढून, गावापासून लांब बांधलेलं असतं. त्या घरातला उन्हाळा कसा जातो, हे फारसं कुणी लिहीत नाही.

पीएच.डी.च्या फील्डवर्कसाठी मी गेले दहा महिने जयपूरमध्ये आहे. माझ्या मावसबहिणीचं, ताईचं, सासर इथलं. तिचे सासरे मूळचे भुसावळकडचे. रेल्वेच्या नोकरीत बदली होऊन आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. ताई, दाजी आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी चार वर्षं नेदरलँड्समध्ये होती. दाजींचं तिथलं काम संपलं आणि एप्रिलमध्ये सगळे परत आले. सासऱ्यांचं घर दोन खोल्यांचं, म्हणून जवळच्या कॉलनीत त्यांनी फ्लॅट भाड्याने घेतला.

फ्लॅट शोधताना एक गंमत कळली. महाराष्ट्रात आपलं आडनाव उच्चारलं की समोरच्याचा हिशोब संपतो. जयपूरमध्ये आपली आडनावं कुणाला वाचता येत नाहीत. घरमालकाने 'वेज हो?' विचारलं, मग 'कौन समाज से हो?' विचारलं. दाजी म्हणाले, 'महाराष्ट्रियन.' मालकाचं समाधान झालं. 'महाराष्ट्रियन लोग अच्छे होते हैं' म्हणत त्याने किल्ली दिली. दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांवर सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लिम नावाने विचारणा करणाऱ्यांना नकार आणि जादा अटी जास्त वाट्याला येतात, हे त्यात दिसलं होतं. दाजींना तो अभ्यास वाचायची गरज नव्हती.

मे महिन्यात हॉलच्या भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धांची तसबीर लागली. शेजारच्या काकू प्रसाद द्यायला आल्या, तसबीर पाहिली, दोन मिनिटं बोलल्या आणि गेल्या. भांडण नाही, वाईट शब्द नाही. पण त्यांची नात, जी रोज दुपारी कूलरपुढे बसून माझ्या भाचीबरोबर पत्ते खेळायची, ती येईनाशी झाली. चारेक दिवसांनी जिन्यात भेटली तेव्हा तिने खरं ते सांगून टाकलं: दादी म्हणते, तुमच्याकडे पाणी प्यायचं नाही. भाचीने घरी येऊन विचारलं, 'आपला फिल्टर बिघडलाय का?'

त्या प्रश्नावर घरात आठवडाभर वाद झाला. दाजींचं म्हणणं होतं, इतक्यात काही सांगायचं नाही. 'चार वर्षं ती तिथे नुसती एक मुलगी होती. मला तसं एक वर्षही मिळालं नव्हतं. तिचं ते मी माझ्या हाताने का काढून घेऊ?' ताईचं म्हणणं होतं, आपण नाही सांगितलं तर जिना सांगेल, शाळा सांगेल, आणि त्यांच्या भाषेत सांगेल. सासरे म्हणाले, 'माझ्या बापानं मला सांगितलं तेव्हा मी सहा वर्षांचा होतो.'

दाजींचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. आपल्या पिढीतल्या कितीतरी आईबापांच्या मनात हेच आहे. पोराचं बालपण तरी कोरं राहावं, एवढंच त्यांना हवं असतं. तरी माझं मत ताईच्या बाजूने आहे, आणि त्याची कारणं मांडायची म्हणून हे लिहिते आहे.

उन्हाळ्याची सुट्टी आणि परदेशातून परतणं, या दोन्ही गोष्टी बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात आहेत. पहिला प्रसंग १९०१ सालचा. वडील गोरेगावला नोकरीला होते. त्यांनी मुलांना सुट्टीत बोलावलं. साताऱ्याहून निघालेली ही पोरं नवे कपडे आणि नवे बूट घालून आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. आपण महार आहोत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा कसा बदलला, बैलगाडीवाले कसे तयार होईनात, शेवटी दुप्पट भाडं देऊन आणि गाडी स्वतः हाकायच्या बोलीवर कसं निघावं लागलं, वाटेत जेवण सोबत असून पाण्यावाचून कसं उपाशी झोपावं लागलं, हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं आहे. दुसरा प्रसंग १९१७ सालचा. कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून परतलेला तरुण बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू व्हायला जातो. राहायला जागा मिळत नाही, म्हणून पारशी नाव घेऊन पारशी धर्मशाळेत उतरतो. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात येतो. संध्याकाळपर्यंत जागा सोडायची कबुली द्यावी लागते. दोन मित्रांची दारं ठोठावून झाल्यावर कामाठी बागेत बसून तो रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट पाहतो.

परदेशात असताना आपण अस्पृश्य आहोत याचा विसर पडला होता, असं बाबासाहेबांनी स्वतः नोंदवलं आहे. दाजी मुलीसाठी जो विसर मागतात तो हाच. पण बडोद्याच्या धर्मशाळेत त्या विसराचा उपयोग झाला नाही, आणि कोलंबियाच्या पदवीचाही झाला नाही. आजही होत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये याच जयपूर जिल्ह्यात एका दलित आयपीएस अधिकाऱ्याला स्वतःच्या लग्नात घोड्यावर बसण्यासाठी पोलिस बंदोबस्त लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जालोर जिल्ह्यातल्या सुराणा गावात नऊ वर्षांचा दलित मुलगा शिक्षकाच्या मारहाणीनंतर दगावला. शाळेतल्या माठातलं पाणी प्यायला म्हणून मारलं, असं कुटुंबाचं म्हणणं होतं. पुढे माठ होता की नव्हता यावरच वाद घातला गेला. नऊ वर्षं, म्हणजे माझ्या भाचीचंच वय. त्या वयात पाण्याचा प्रश्न आपल्या पोरांपर्यंत पोहोचतो, आपण सांगो वा न सांगो.

परदेशात जात नसते, हेही अर्धंच खरं आहे. नसती, तर सिएटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभावाला बंदी घालणारा कायदा करावा लागला नसता. कॅलिफोर्नियात तसंच विधेयक विधिमंडळात मंजूर झालं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नरांनी नाकारलं. ते अडवण्यासाठी जोर लावणाऱ्यांत तिथल्या हिंदू संघटनाच पुढे होत्या. म्हणजे ज्या शेजाऱ्यांना आपण इथे सोडून जातो, त्यांचे भाऊबंद तिथेही असतात.

आणखी एक गोष्ट समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला महत्त्वाची वाटते. जातीबद्दल मुलांशी बोलू नये, हा नियम फक्त आपल्या घरात पाळला जातो. सवर्ण घरात मुलांना जात रोज सांगितली जाते. तिथे तिला 'जात' म्हणत नाहीत, एवढंच. आपल्यात असं करतात, आपल्यात हे खात नाहीत, आपलं कुलदैवत, आपलं मूळ गाव, अशा गोड शब्दांतून ती मुलाच्या अंगात मुरते. शेजारच्या काकूंच्या नातीलाही तिची जात त्याच आठवड्यात शिकवली गेली. 'तिथे पाणी पिऊ नको' हा तो धडा होता. तिच्या घरी धडा सुरू असताना आपल्या घरी गप्प राहिलं, तर दोन मुलींपैकी एकीकडेच उत्तर असतं आणि दुसरी फिल्टर तपासत बसते.

मग सांगायचं काय? नुसता अपमान सांगितला तर मूल घाबरेल, दाजींची ही भीती रास्त आहे. पण आपल्याकडे सांगायला अपमानाखेरीज बरंच काही आहे. पाण्यावरून कुणी तोंड फिरवलं, तर पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसं गेली होती, हेही सांगता येतं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, हेही. जयपूरमध्ये तर हा इतिहास चालत जाऊन दाखवता येतो. इथल्या हायकोर्टाच्या आवारात १९८९ साली मनूचा पुतळा बसवला गेला. त्याच वर्षी तो काढण्याचा निर्णय न्यायाधीशांनी घेतला, मग याचिका आली, स्थगिती आली आणि पुतळा आजही तिथेच उभा आहे. बाबासाहेबांचा पुतळा बाहेर, रस्त्यावरच्या चौकात आहे. ८ ऑक्टोबर २०१८ रोजी औरंगाबादहून आलेल्या दोन बायांनी आत जाऊन मनूच्या पुतळ्याला काळं फासलं आणि अटक करून घेतली. त्यांच्या मार्गाबद्दल कुणाचं काहीही मत असो, हजारभर किलोमीटर प्रवास करून आलेल्या त्या बाया कोण होत्या, हे आपल्या मुलीला कळायला हवं.

शेवटी ताईनेच सांगितलं, एका रात्री गच्चीवर, सासऱ्यांना शेजारी बसवून. फिल्टर ठीक आहे, हे आधी सांगितलं. मग सासऱ्यांच्या लहानपणीचा गावातला पाणवठा आला, त्यांची शाळा आली, रेल्वेची नोकरी आली. भाचीने बरेच प्रश्न विचारले. काहींची उत्तरं मोठ्यांकडे नव्हती. दाजी सगळा वेळ गप्प होते, पण उठून गेले नाहीत.

मित्रांनो, आपण घरातले पहिले पदवीधर. आपल्याला जात कुणी समजावून सांगितली नाही, ती लागत गेली. आपल्या मुलांच्या बाबतीत तसं व्हायची गरज नाही. या सुट्टीत तुम्ही पुण्याहून गावी जाणार असाल किंवा दुबईहून नागपूरला, एक दुपार त्यासाठी ठेवा. आजी-आजोबा असतील तर त्यांना बोलू द्या आणि ते बोलताना लिहून घ्या, कारण हे इतर कुठे लिहिलेलं सापडणार नाही. शाळेच्या फॉर्मवर जातीचा रकाना भरताना मूल शेजारी असेल, तर रकाना हाताने झाकू नका. ते काय विचारेल त्याचं खरं उत्तर द्या.

जय भीम.