बदरी आधी, मग नाथ

मैत्रिणींनो, दर उन्हाळ्यात आपल्या आळीतलं कुणी ना कुणी चारधामला जातंच. परत आलं की गंगाजलाच्या बाटल्या वाटल्या जातात, घाटातल्या दरडींच्या गोष्टी निघतात. मीही बद्रीनाथला जाऊन आले. सुमारे ३,१०० मीटर उंची, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. चार पायऱ्या चढल्या की धाप लागते. खाली अलकनंदेचं बर्फगार पाणी आणि काठावरच तप्तकुंडाचं कढत पाणी. रांगेत तासन् तास उभं राहायचं आणि देवासमोर गेलं की मिनिटभरात "चलो, आगे चलो". त्या मिनिटभराच्या दर्शनापेक्षा माझ्या मनात घर करून राहिल्या त्या तिथल्या कथा आणि रीतिरिवाज. त्यांबद्दल आपल्यात फारसं बोललं जात नाही, म्हणून आज लिहितेय.

बदरी म्हणजे बोर. संक्रांतीला लेकरांना बोरन्हाण घालतो ना, तेच बोर. कथा अशी, की विष्णू या डोंगरात तपाला बसले आणि बर्फ पडायला लागलं. त्यांना कसलंच भान नाही. ते पाहून लक्ष्मी त्यांच्याजवळ बोरीचं झाड होऊन उभी राहिली. ऊन, वारा, बर्फ सगळं तिनं आपल्या अंगावर झेललं. कित्येक वर्षांनी देवांनी डोळे उघडले, तर ही बर्फानं झाकून गेलेली!

ही कथा सांगून बहुतेक जण इथंच थांबतात आणि वर म्हणतात, "बघा, बायको असावी तर अशी." पण कथा इथं संपत नाही हो! देव लक्ष्मीला म्हणाले, तूही माझ्याइतकंच तप केलंस, म्हणून इथं माझ्याबरोबर तुझीही पूजा होईल आणि मला लोक बदरीचा नाथ म्हणून ओळखतील. झालं, बदरीनाथ. तिचं नाव आधी, मग त्यांचं. डोळे मिटून बसणारा जेवढा तपस्वी, तेवढीच त्याच्या डोक्यावर सावली धरणारीही, असा हिशेब खुद्द देवानं मांडला. आपल्या घरात हा हिशेब कोण मांडतं? मुलगा बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाला की पेढे त्याच्या नावानं. पहाटे चारला उठून चहा करून देणारी फोटोतसुद्धा नसते.

बद्रीनाथची रीतही या कथेला धरूनच आहे. दरवाजे उघडण्याआधी देवासाठी तिळाचं तेल लागतं. ते बाजारातून येत नाही. टिहरीच्या राजघराण्याच्या नरेंद्रनगरच्या महालात राणी आणि सुवासिनी मिळून तीळ कुटून ते काढतात. मग कलशात भरून त्याची यात्रा वर निघते. आणि नोव्हेंबरच्या सुमारास दरवाजे बंद होताना देवाला तूप माखलेलं लोकरीचं कांबळं पांघरतात. ते विणतात मंदिरापासून तीनेक किलोमीटरवरच्या माणा गावच्या मुली-बायका. सहा महिने बर्फात देवाच्या अंगावर तेच पांघरूण. उन्हाळ्यात दरवाजे उघडले की त्याचाच प्रसाद भक्तांना वाटतात. म्हणजे उन्हाळ्यात देवाला लावायचं तेल बायकांच्या हातचं आणि हिवाळ्यातलं पांघरूणही बायकांच्याच हातचं.

आणखी एक रीत ऐकून तर मला हसूच आलं. उन्हाळ्याचे सहा महिने लक्ष्मी आवारातल्या वेगळ्या मंदिरात राहते. का? तर गाभाऱ्यात नारायणाशेजारी उद्धव असतात, ते नात्यानं तिचे थोरले दीर. मोठ्या दिरासमोर सून कशी बसणार? म्हणून हिवाळा आला की आधी उद्धवांना बाहेर काढतात, मग लक्ष्मी आत येते. तिला आणायला पुजारी, म्हणजे तिथले रावल, स्त्रीवेष घेऊन तिची सखी बनून जातात. परपुरुषाचा हात देवीला लागू नये म्हणून. बघा, देवीलाही दिराचा मान राखणं चुकलेलं नाही! पण तिची अडचण ओळखून एवढ्या मोठ्या पुजाऱ्यानं साडी नेसायची, हेही त्याच रीतीत आहे. मला हे दुसरं जास्त मोलाचं वाटतं.

आता आपल्या गावाकडे वळू. देवळातली झाडलोट, फुलवाती, नैवेद्य, सप्ताहातल्या पंगतींच्या पोळ्या, हे कोण करतं ते सांगायला नकोच. आणि विश्वस्तांच्या फलकावर नावं कुणाची? पुढच्या वेळी देवळात जाल तेव्हा तो फलक नीट वाचा आणि बायकांची नावं मोजा. बहुतेक ठिकाणी एका हाताची बोटंही पुरून उरतील. "सेवा निष्काम असावी, नाव कशाला हवं?" असं कुणी म्हणेल. मान्य. मग हा नियम देणगीदारांच्या संगमरवरी पाट्यांनाही लावा की! नाव नको ते फक्त पोळ्या लाटणारीलाच का?

हे होणारच नाही असंही नाही. २०१६ साली शनिशिंगणापूरच्या देवस्थानाच्या अध्यक्षपदी पहिल्यांदा एक बाई आली. त्याच वर्षी तिथला चौथराही बायकांना खुला झाला. शतकानुशतकांची रीत बदलली, आकाश काही कोसळलं नाही.

म्हणून सांगते, यंदा यात्रेला जाणार असाल तर स्वेटर, कानटोपी घ्याच, आणि येताना गंगाजलाबरोबर बदरीची गोष्टही घेऊन या. नातवंडांना, सुनांना ती शेवटापर्यंत सांगा, झाडापाशी थांबू नका. आणि देवळाच्या पुढच्या सभेला पोळपाट जरा बाजूला ठेवून चौघीजणी मिळून जा. विश्वस्त मंडळात एक जागा मागा. ज्या देवानं आपल्या नावाआधी तिचं नाव लावलं, त्याच्या भक्तांना एक खुर्ची द्यायला जड जाऊ नये.