एका वेळी एकच काम

"डॉक्टरसाहेब, पोरगा तीन-तीन तास अभ्यासाला बसतो, पण ध्यानात काहीच राहत नाही. काही टॉनिक द्या," अशी तक्रार घेऊन आया दवाखान्यात येतात. विचारपूस केली की कळते, वही मांडीवर आणि शेजारी मोबाइलवर व्हिडिओ चालू!

मेंदू दोन्हींकडे एकदम लक्ष देत नाही. तो इकडून तिकडे उड्या मारतो. त्यात वेळ जातो, चुका वाढतात. शिवाय पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात. डोळे कोरडे पडून चुरचुरतात. यावर टॉनिक नाही.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली यावर उपाय काढला. सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजला, की दीड तास टीव्ही व मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचे.

आपल्या रिठदलाही हे जमण्यासारखे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र सुरुवात मोठ्यांनी करावी. स्वतः मालिका पाहत मुलाला 'अभ्यास कर' म्हणण्यात काय अर्थ?